कर्णा, यंत्र, इम्प्लांट आणि हातांची भाषा

ऐकू कमी येणाऱ्या माणसाशी बोलताना आपण नकळत आवाज चढवतो. उपायांची सुरुवातही तिथूनच झाली. सतराव्या शतकापासून वापरात असलेला कर्णा रुंद तोंडाने आवाज गोळा करून कानात सोडायचा. बहिरा होत गेलेला संगीतकार बेथोव्हेन याच्यासाठी मेल्झेल या यंत्रकाराने असे कर्णे बनवले होते. तेही पुरेनात, तेव्हा १८१८पासून भेटायला येणारे लोक वहीत लिहून त्याच्याशी बोलू लागले. ती वही हाही मला उपायच वाटतो.

विसाव्या शतकात विजेची यंत्रे आली, पण त्यांच्या बॅटऱ्या जड असत. १९४७ साली ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि १९५२च्या अखेरीस तो श्रवणयंत्रात बसला, खिशातल्या रेडिओच्याही आधी. यंत्र लहान होत कानामागे गेले, पुढे डिजिटल झाले. मधल्या कानातले रिकीब हे हाड घट्ट बसल्याने आलेल्या बहिरेपणावर डॉक्टर जॉन शे यांनी १९५६ साली कृत्रिम हाड बसवून शस्त्रक्रिया केली.

खरी अडचण आतल्या कानात होती. तिथल्या केसपेशी आवाजाचे संकेतात रूपांतर करून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूला देतात; त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. त्याच नसतील तर आवाज कितीही मोठा करून काय उपयोग? १९५७ साली पॅरिसमध्ये जूर्नो आणि एरिएस यांनी श्रवणमज्जातंतूलाच थेट विद्युतसंकेत दिले. रुग्णाला आवाजाची चाहूल लागली, बोलणे मात्र नीट उलगडेना. १९७८ साली मेलबर्नला ग्रेम क्लार्क यांनी अनेक इलेक्ट्रोडचे इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायचे विद्युतयंत्र, बसवले, तेव्हा शब्द कळण्याची वाट मोकळी झाली. १९९० साली अमेरिकेत दोन वर्षांवरील मुलांसाठी त्याला परवानगी मिळाली.

मग या इम्प्लांटला कर्णबधिर लोकांकडूनच विरोध का झाला? त्यासाठी १८८० सालच्या मिलान परिषदेकडे जावे लागते. शिक्षकांच्या त्या परिषदेत जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते. मुलांना बोलूनच शिकवावे, खुणांनी नको, असे त्यांनी ठरवले. त्यानंतर अनेक देशांतल्या शाळांतून सांकेतिक भाषा हद्दपार झाली आणि कर्णबधिर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. ज्या मुलांना ओठ वाचता आले नाहीत, त्यांच्या हाती कोणतीच भाषा पुरती लागली नाही. या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत मोठा अन्याय आहे, असे मी मानतो. अभ्यासक विल्यम स्टोको यांनी १९६० साली अमेरिकी सांकेतिक भाषेला स्वतःची रचना असल्याचे दाखवून दिले. मिलानचे ठराव त्याच परंपरेतल्या परिषदेने नाकारले, तेही थेट २०१० साली, व्हँकुव्हरमध्ये.

मिलानची आठवण ताजी असताना लहान मुलांच्या कानात इम्प्लांट बसणार होते. आपली भाषा पुन्हा हिरावली जाईल, ही भीती अगदी रास्त होती. अमेरिकेतल्या कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने १९९१ साली त्या परवानगीचा निषेध केला. २००० साली तिने भूमिका बदलली. इम्प्लांट हे संवादाचे एक साधन आहे, बहिरेपणावरचा इलाज नव्हे, असे तिने तेव्हा मांडले.