प्रीडायबेटिस आणि डायबेटिस: बॉर्डरवरचा आकडा काय सांगतो?

उपाशीपोटी साखर ११२ आली की घरात दोन प्रकारची माणसं बोलायला लागतात. एक म्हणतं, "बॉर्डरवर आहे, डायबेटिस नाही ना? मग झालं तर." दुसरं म्हणतं, "म्हणजे लागलाच की डायबेटिस." दोघांचंही चुकतं, आणि दोन्ही चुकांचा परिणाम एकच होतो. पहिला माणूस काही करायची गरज नाही म्हणून स्वस्थ बसतो, दुसरा आता काही उपयोग नाही म्हणून.

आधी आकडे बघू. किमान आठ तास उपाशी राहून तपासलेली साखर १०० मिलिग्रॅमच्या आत असेल तर नॉर्मल, १०० ते १२५ म्हणजे प्रीडायबेटिस, १२६ पासून पुढे डायबेटिस. गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी ५.७ ते ६.४ टक्के आली तर प्रीडायबेटिस, ६.५ पासून डायबेटिस. हे निकष अमेरिकन डायबेटिस असोसिएशनचे. जागतिक आरोग्य संघटना उपाशीपोटीच्या साखरेची खालची रेषा ११० वर धरते, त्यामुळे १०४ चा रिपोर्ट एका निकषाने प्रीडायबेटिस ठरतो आणि दुसऱ्याने नॉर्मल. यात गोंधळून जाऊ नका. १०४ असो की ११४, करायचं काम तेच आहे.

आणखी एक गोष्ट लोकांना कुणी सांगत नाही. लक्षणं नसताना एकाच रिपोर्टवरून डायबेटिसचं निदान पक्कं करत नाहीत, दुसऱ्या तपासणीने खात्री करून घेतात. रक्तक्षय असेल किंवा नुकतंच रक्त चढवलं असेल तर एचबीए१सीचा आकडा फसवा येऊ शकतो. म्हणून डॉक्टरांना हे आपणहून सांगावं.

आता शरीरात काय चाललेलं असतं ते पाहू, कारण खरा फरक तिथे आहे. जेवणानंतर रक्तात आलेली साखर पेशींत शिरायला इन्सुलिन लागतं. पोटाभोवती आणि यकृतात चरबी वाढली, हालचाल कमी झाली, की स्नायू आणि यकृत इन्सुलिनला पूर्वीसारखी दाद देत नाहीत. मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन बनवून वेळ मारून नेतं. कित्येक वर्षं हे जमतं आणि रिपोर्ट नॉर्मल येत राहतो. ते पुरेनासं होऊ लागलं की आकडा शंभरीपार सरकतो. हा प्रीडायबेटिस. इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी थकल्या, त्यातल्या बऱ्याच निकामी झाल्या, की साखर आवाक्याबाहेर जाते. हा टाइप २ डायबेटिस. थोडक्यात, पहिल्या अवस्थेत स्वादुपिंडाची बरीच ताकद शिल्लक असते. ती वाचवायची तर हीच वेळ.

हे सगळं होत असताना माणसाला मात्र काही जाणवत नाही. सारखी लघवी, तहान, वजन उतरणं ही लक्षणं बहुधा साखर १८० च्या वर जाऊन लघवीवाटे बाहेर पडू लागल्यावरची. प्रीडायबेटिसमध्ये आकडा तिथपर्यंत सहसा पोचतच नाही. फार तर मानेच्या मागे किंवा काखेत काळसर, मखमलीसारखी जाड त्वचा दिसते. ती मळ समजून लोक घासत राहतात, पण ती अनेकदा इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असते. तेव्हा "मला काही त्रास नाही" यावर विसंबू नका. सुरुवातीच्या डायबेटिसमध्येही कित्येकांना काहीच त्रास नसतो.

प्रीडायबेटिस झालेल्या प्रत्येकाला पुढे डायबेटिस होतोच असं नाही. अमेरिकेत ३,२३४ प्रौढांवर झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅममध्ये एका गटाला दोन उद्दिष्टं दिली होती: वजन ७ टक्के कमी करणं आणि आठवड्याला १५० मिनिटं भराभर चालण्यासारखा व्यायाम. सुमारे तीन वर्षांत या गटात डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. साठीच्या पुढच्यांना तर गोळीपेक्षा चालण्याचा आणि वजन घटवण्याचा फायदा फारच जास्त झाला. "या वयात आता काय होणार" म्हणणाऱ्या प्रत्येकाला मला हे कळकळीने सांगावंसं वाटतं. ८० किलोच्या माणसासाठी ७ टक्के म्हणजे साडेपाच किलो. पूर्वीचं सडपातळ शरीर परत आणा असं कुणीच म्हणत नाही.

चालण्याचा एक फायदा वजनकाट्यावर दिसत नाही. काम करणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतो. म्हणून जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं तरी त्या जेवणाची साखर कमी चढते. गुडघे दुखतात म्हणून बाहेर पडता येत नसेल तर खुर्चीवरून उठणं-बसणं करा. मांडीचे स्नायू मोठे असतात, साखर वापरायला उपयोगी पडतात.

डायबेटिसचं निदान झाल्यावरही आहार आणि व्यायाम तेच राहतात, पण तेवढ्यावर भागत नाही. डोळ्यांच्या पडद्याची, मूत्रपिंडांची आणि पायांच्या संवेदनेची दरवर्षी तपासणी लागते, बहुतेकांना औषधही. वजन बरंच उतरवून काही जण औषधाशिवाय एचबीए१सी ६.५ च्या खाली आणतात, विशेषतः निदान ताजं असेल तर. तरी तपासण्या सुटत नाहीत, कारण साखर पुन्हा वर जाऊ शकते. आणि आपली गोळी स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये.

तपासणी कोणी करावी? पस्तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने. वजन जास्त असून आई-वडील किंवा भावंडांना डायबेटिस असेल, रक्तदाब असेल, पीसीओएस (बायकांमध्ये हार्मोन बिघडून पाळी अनियमित होणारा विकार) असेल, तर वयाची वाट न बघता. गरोदरपणात साखर वाढलेल्या बाईची बाळंतपणानंतर नॉर्मल आली तरी दर एक ते तीन वर्षांनी तपासायला हवी, आयुष्यभर. घरच्यांनी तिला याची आठवण करून द्यावी, कारण बाळाच्या धावपळीत हे हमखास राहून जातं. ज्यांचा रिपोर्ट प्रीडायबेटिसचा आला आहे त्यांनी दरवर्षी तपासावं आणि जुना रिपोर्ट सोबत न्यावा. ११८ वरून १०६ झाला की १०६ वरून ११८, हे एका कागदावरून डॉक्टरांनाही कळत नाही.