दीड महिन्याची पिल्लं घरी नेताना: परसातल्या कोंबड्यांची रोजची निगा आणि सोबत

आज तुम्ही नेताय ती पिल्लं ४५ दिवसांची आहेत. एक दिवसाची असताना ती आमच्याकडे आली. पहिला आठवडा ३५ अंशांच्या उबेत काढला, मग दर आठवड्याला ऊब थोडी थोडी कमी करत अंगभर पिसं येईपर्यंत आम्ही ती सांभाळली. मरेक्स या रोगाची लस उबवणी केंद्रातच झाली आहे. सातव्या दिवशी लासोटा (मानमोडी रोगाची लस), चौदाव्या दिवशी गंबोरो या रोगाची लस, अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा लासोटा आणि सहाव्या आठवड्यात देवीची लस दिली आहे. सोबतच्या कार्डावर हे सगळं तारखेनिशी लिहिलंय. ते कार्ड जपून ठेवा, डॉक्टर आधी तेच मागतात.

यापुढे ही पाखरं निरोगी राहतील ती मुख्यतः रोज कुणीतरी त्यांच्याजवळ बसतं म्हणून. हे आम्ही अनुभवाने सांगतो. कोंबडी आपला आजार लपवते. जी ढेपाळलेली दिसेल तिला बाकीच्या टोचून काढतात, म्हणून उभं राहवेनासं होईपर्यंत ती दाणे टिपल्यासारखं करत राहते. तिची रोजची चाल, रोजची जागा, रोजचा आवाज ज्याला ठाऊक आहे त्याला आजार एक दिवस आधी कळतो. एवढ्या लहान जीवाच्या आजारात एक दिवस फार मोठा असतो.

पहिले पाच दिवस

पिल्लं घरी नेल्यावर चार-पाच दिवस खुराड्यातच ठेवा. आपलं घर हेच, हे त्यांच्या डोक्यात बसायला तेवढे दिवस लागतात. मग पहिल्यांदा सोडाल ते सकाळी नको. संध्याकाळी, मावळायच्या तासभर आधी, आणि जरा भुकेली असताना सोडा. अंधार पडायला लागला की ती आपोआप परततात. बोलवायची हाक एकच ठेवा. आमच्याकडे स्टीलच्या वाटीवर चमच्याने टकटक करून ‘तीऽ तीऽ तीऽ’ म्हणतात. पिल्लांना ती सवय आहे, तुम्हीही तेच करून पाहा. पुढे डॉक्टर आले किंवा अचानक घार फिरायला लागली तर ही हाक फार उपयोगी पडते.

सकाळची पाच मिनिटं, संध्याकाळची पाच मिनिटं

सकाळी दार उघडून लगेच कामाला जाऊ नका. कोण आधी बाहेर येतं ते बघा. कळपात मानपान ठरलेला असतो: एक पुढारीण, एक तिच्या मागची, एक कायम शेवटची. शेवटची रोज शेवटी येते, तिची चिंता नाही. पण रोज पहिली येणारी एखाद्या दिवशी कोपऱ्यात पिसं फुगवून बसली असेल, तर ती कोंबडी त्याच वेळी हातात घ्या.

हातात कशी घ्यावी हेही सांगतो, कारण पाय धरून उलटी लटकवणं ही आपल्याकडची सगळ्यात वाईट सवय आहे. तळहात तिच्या छातीखाली सरकवा, दोन्ही पाय बोटांच्या मध्ये येऊ द्या, तिचं तोंड तुमच्या कोपराकडे करा आणि दुसरा हात पंखांवरून अलगद ठेवा. ती दोन मिनिटांत शांत होते. आता छातीच्या मधलं हाड चाचपा. दोन्ही बाजूंना मांस हवं. हाड सुरीच्या पात्यासारखं हाताला लागलं तर ती आतून खंगते आहे, बहुतेक जंत आहेत. मग गळ्याखालची दाण्याची पिशवी. संध्याकाळी ती भरलेली, टणक असते आणि सकाळी रिकामी. सकाळीही भरलेली आणि पिठाच्या गोळ्यासारखी लागत असेल तर दाणा पुढे सरकत नाहीये. तुरा लालभडक हवा. फिकट, निळसर किंवा काळपट नको. पंखाखाली आणि गुदाजवळची पिसं फुंकर मारून बाजूला करा, उवा असतील तर तिथेच दिसतात. शेवटी तळपाय. तिथे काळी खपली आणि सूज दिसली तर उंचावरून उडी मारताना काहीतरी लागून गळू झालंय.

खुराड्यातली विष्ठाही बघा. तपकिरी गोळा आणि वर पांढरी टोपी, ही चांगली. मधूनच एखादी चिकट, चॉकलेटी आणि भयंकर वासाची पडते. नवीन लोक तिला घाबरून फोन करतात, पण ती नेहमीचीच असते. हिरवी, पाण्यासारखी किंवा रक्ताची दिसली तर मात्र थांबू नका.

लांज्याकडच्या एका काकूंनी गेल्या पावसाळ्यात आम्हाला फोन केला होता. म्हणाल्या, “ती आज माझ्याशी भांडली नाही.” रोज भांडी घासायला बसल्या की ती कोंबडी त्यांच्या पदराला चोच मारायची, त्या दिवशी मारली नाही. एवढंच. पाहिलं तर अंडं अडकलं होतं. कोमट पाण्याच्या घमेल्यात वीस मिनिटं तिला पोटापर्यंत बसवलं, मग काळोख्या खोलीत एकटी ठेवली, आणि दुपारपर्यंत अंडं पडलं. काकूंकडे औषध काही नव्हतं, पण त्यांना आपली कोंबडी माहीत होती.

मानमोडी: आठव्या आठवड्याची लस तुमच्याकडे

मान वाकडी होणं, लंगडणं, हिरवी हगवण, घशात घरघर, आणि दोन-तीन दिवसांत अर्धं खुराडं रिकामं. राणीखेत म्हणतात तो हाच रोग. उत्तराखंडातल्या राणीखेत गावावरून त्याला आपल्याकडे ते नाव पडलं. यावर उपचार नाही, फक्त लस आहे. लहानपणीचे लासोटाचे दोन डोस आम्ही दिले, पण त्यांचा जोर कायम टिकत नाही. आठव्या आठवड्यात आर-टू-बी नावाची लस टोचून घ्यावी लागते आणि ती तारीख तुमच्या घरी असताना येते. कार्डावर लाल शाईने गोल केला आहे.

अडचण अशी, की लसीच्या कुपीत शेकड्याने डोस असतात आणि तुमच्याकडे पाखरं आठ. शिवाय पावडर एकदा पाण्यात मिसळली की दोन तासांत संपवावी लागते, आणि तोवर ती बर्फातच हवी. म्हणून वाडीतल्या चार-पाच घरांनी मिळून एक दिवस ठरवा, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी सांगा, आणि लस आणायला बर्फ घातलेला थर्मास न्या. शर्टाच्या खिशात घालून आणलेली लस टोचली काय, नाही टोचली काय, सारखंच. लसीच्या एक आठवडा आधी जंताचं औषध देऊन घ्या. लस टोचल्यावर एक-दोन दिवस पाखरं मलूल राहतात, ते चालतं. मुळात आजारी किंवा अशक्त असेल तिला त्या दिवशी टोचू नका. पुढचा डोस कधी, ते डॉक्टरांकडून कार्डावर लिहून घ्या.

हा मजकूर आम्ही एवढा लांबवला त्याला कारण आहे. सुरुवातीच्या वर्षांत आम्ही एका आठवडी बाजारातून तीन देखण्या तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या) आणल्या आणि त्याच संध्याकाळी आमच्या कोंबड्यांत सोडल्या. सहाव्या दिवशी पहिली मेली. पंधरवड्यात ४० पाखरं खड्ड्यात चुन्याखाली पुरली. त्यात आमच्या आईची, तिच्या मागे विहिरीपर्यंत जाणारी काळी कोंबडीही होती. तेव्हापासून बाहेरचं कुठलंही पाखरू आमच्या आवारात महिनाभर वेगळं राहतं. त्याचं भांडं वेगळं आणि त्याला दाणा सगळ्यात शेवटी, म्हणजे आपल्या हातापायांवरून रोग इकडे येत नाही. तुम्हीही हाच नियम ठेवा. पाहुण्यांनी भेट दिलेला कोंबडासुद्धा याला अपवाद नाही.

कोकणातला पावसाळा

आमचे निम्म्याहून जास्त फोन जून ते सप्टेंबरमध्ये येतात. कारण एकच, ओल. खाली ओल राहिली की रक्ती हगवणीचे जंतू वाढतात आणि लहान पिल्लांना सगळ्यात आधी धरतात. जांभ्याच्या चिऱ्यांचं खुराडं भक्कम असतं, पण चिरा पाणी ओढतो, म्हणून तळ जमिनीपासून हात-दीड हात उंच घ्या. आत भाताचं तूस चार बोटं जाड पसरा आणि एक दिवसाआड काठीने खालीवर करा. मूठभर तूस हातात घट्ट दाबून सोडा: मोकळं झालं तर कोरडं आहे, लाडू झाला तर बदला. आणि वास उभ्याने घेऊ नका. खाली बसून, कोंबडीच्या उंचीवर नाक नेऊन घ्या. तिथे तुमचे डोळे चुरचुरले तर तिची छाती रोज रात्री तेच सोसते आहे, मग सर्दी-खोकला हटणार कसा?

पावसाळ्यात त्यांना कोरडी माती मिळत नाही आणि मातीत लोळल्याशिवाय कोंबडीची अंघोळ होत नाही. पडवीत जुन्या टायरमध्ये किंवा घमेल्यात चुलीची राख आणि कोरडी माती निम्मी निम्मी भरून ठेवा. राख चाळलेली हवी, निखारा नको. राखेत पसरून, डोळे मिटून, एक पंख वर करून पडलेली कोंबडी पाहिली की मेली की काय असं वाटतं; ती सुखात असते. उवांवर याहून स्वस्त इलाज नाही.

डासांमुळे देवी पसरते. तुऱ्यावर आणि चेहऱ्यावर फोड दिसले तर ती वेगळी ठेवा, खपल्या काढू नका, आणि आजूबाजूच्या करवंट्या, डबे उपडे करा.

चोरट्या पाहुण्यांबद्दल थोडक्यात: मुंगूस आणि कांडेचोर (मांजरासारखा, रात्री फिरणारा प्राणी) बारीक फटीतून शिरतात. षटकोनी कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, पण त्यांना बाहेर ठेवत नाही. खालच्या दोन फुटांना अर्ध्या इंचाची वेल्ड केलेली जाळी लावा आणि दाराला आकडा नको, कडी लावा. अंडी संध्याकाळच्या आत उचला, साप त्यांच्याच वासावर येतो.

दाणापाणी

दिवसभर हिंडणारी कोंबडी किडे, गवत, शितं यांवर बरंचसं भागवते. वर प्रत्येकी ५० ग्रॅमच्या आसपास दाणा संध्याकाळी द्या, म्हणजे परतायची ओढ राहते. बुरशी आलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड कधीच नको, थोडीशीसुद्धा. “माणसांना नको, कोंबड्यांना घाला” हे त्या बाबतीत चालत नाही, त्यातलं विष त्यांचं यकृत संपवतं. लोणचं, खारवलेली मासळी, फरसाणही नको.

अंड्याचं कवच जवळजवळ सगळं कॅल्शियमचं असतं आणि ते शरीरात कुठून तरी यावं लागतं. कोकणात त्यासाठी दुकानात जायची गरज नाही. तिसऱ्या (शिंपल्यांतली मासळी) खाऊन झाल्या की शिंपल्या उकळा, उन्हात वाळवा, गोणपाटात घालून दगडाने भरड कुटा आणि वेगळ्या वाटीत ठेवा. दाण्यात मिसळू नका. जिला हवं ती हवं तेवढं खाते.

मार्च ते मे पाणी तीन वेळा बदला आणि भांडं सावलीत ठेवा. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते आणि पंख अंगापासून लांब धरते. असं दिसलं की पाय गार पाण्यात बुडवा, अंगावर एकदम पाणी ओतू नका.

सोबत

एकटी कोंबडी नेऊ नका. आम्ही तीनपेक्षा कमी देतच नाही, कारण एकटं पाखरू खातं-पितं पण झुरतं. कोंबडी माणसं ओळखते, भांडं ओळखते, कोण दाणा घालतं आणि कोण हाकलतं ते ओळखते. लहान मुलांना रोज एक काम ठरवून द्या, अंडी गोळा करण्याचं किंवा पाण्याचं, आणि नंतर साबणाने हात धुवायला लावा. पिल्लांचे मुके घेऊ देऊ नका, पोटाचे जंतू त्यातूनच येतात.

खुडूक बसलेल्या कोंबडीला पाण्यात बुडवणं, नाकात पीस खुपसणं हे प्रकार अजून होतात. कृपा करून करू नका. ती आजारी नाही, तिला आई व्हायचंय. तुमच्याकडे कोंबडा असेल तर तिच्याखाली दहा-बारा अंडी घाला, एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतील. नको असतील तर खालून वारा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात दाणापाणी देऊन तीन-चार दिवस ठेवा, खुडूक आपोआप मोडते.

वर्षातून एकदा ती पिसं टाकते आणि दोन-तीन महिने अंडी बंद होतात. त्या काळात ती विद्रूप दिसते आणि चिडकी होते. “अंडी देत नाही” म्हणून तिला घाईने काढू नका.

काही जण आमच्याकडून राखणदार देवाच्या राखणीसाठी किंवा गौरीच्या सणासाठी कोंबडा नेतात. आमची त्याला हरकत नाही, ही आपल्या घरांची रीत आहे. फक्त तो कोणता हे पहिल्याच दिवशी घरात ठरवा. मुलांनी नाव ठेवलेला, खांद्यावर बसणारा कोंबडा ऐनवेळी उचलला की मुलं वर्षानुवर्षं विसरत नाहीत.

औषध आणि डॉक्टर

मेडिकलमधून माणसांच्या गोळ्या आणून पाण्यात घालू नका. प्रतिजैविकाचे अंश अंड्यात उतरतात आणि ते अंडं तुमच्याच ताटात येतं. कोलिस्टिन नावाचं औषध तर सरकारने २०१९ मध्ये कोंबड्या आणि इतर जनावरांसाठी बंदच केलं, तरी कुठे जुनं पाकीट कोणी पुढे केलं तर घेऊ नका.

एकाच दिवशी दोन-तीन पाखरं अचानक मेली, तुरे निळे पडले, चेहरे सुजले, किंवा आसपास कावळे मरून पडलेले दिसले, तर मेलेल्याला उघड्या हाताने शिवू नका, कापू नका, ओढ्यात टाकू नका. हा बर्ड फ्लू असू शकतो, २००६ साली तो नंदुरबारच्या नवापूरला आला होता. ही खबर पशुसंवर्धन खात्याला तातडीने द्या. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक १९६२.

साध्या तक्रारीसाठी आम्हाला फोन करा, पण आधी कोंबडी हातात घ्या आणि हे पाहून ठेवा: छातीचं हाड कसं लागतं, दाण्याची पिशवी भरली आहे का, विष्ठा कशी, अंडं शेवटचं कधी दिलं. दुपारी एक ते तीन आम्ही पिल्लांना दाणा घालत असतो, तेव्हा फोन उचलला गेला नाही तर विष्ठेचा फोटो पाठवून ठेवा. संकोच करू नका, आम्ही ते रोज बघतो.