ती रांग आहे तरी कुठे?

"आम्ही ग्रीन कार्डासाठी वर्षानुवर्षं रांगेत, आणि हे घुसून आले. यांनीही रांगेत यावं की!" न्यू जर्सीतल्या गणपतीत प्रसादाच्या द्रोणाबरोबर हे वाक्य हमखास कानावर पडतं. चीड समजण्यासारखी आहे, गृहीतक मात्र चुकीचं. अमेरिकेत कागदपत्रांविना राहणाऱ्या बहुतेकांना उभं राहायला रांगच नाही.

ग्रीन कार्ड मुख्यतः जवळच्या नात्यातून किंवा मालकाच्या अर्जावर मिळतं. हॉटेलात भांडी घासणाऱ्यासारख्या अकुशल कामगारांचा कोटा साऱ्या जगाला मिळून वर्षाला जास्तीत जास्त 10,000.

मग अमेरिकन नागरिकाशी लग्न केलं तर? सीमा चोरून ओलांडली असेल, तर व्हिसासाठी सहसा मायदेशी जावं लागतं. आणि वर्षभराहून जास्त बेकायदा राहून बाहेर पाऊल टाकलं, की 1996 च्या कायद्यानं 10 वर्षं दार बंद. सूट मागता येते. मिळेलच असं नाही.

जुन्या रहिवाशांसाठी 'रजिस्ट्री' नावाची एक खिडकी आहे खरी. अट एवढीच, की 1 जानेवारी 1972 च्या आधीपासून तिथं राहत असायला हवं. म्हणजे आपल्या बाहत्तरच्या दुष्काळाआधी गेलेला माणूस! ही तारीख 1986 मध्ये ठरली, ती तिथंच आहे.