आईच अजून वाढत असते तेव्हा

अक्षय तृतीया जवळ आली की नागपूरच्या वर्तमानपत्रांत बालविवाह रोखल्याच्या बातम्या दिसू लागतात, आणि महाल-इतवारीतल्या एखाद्या ओट्यावर ठरलेलं वाक्य ऐकू येतं: "आमच्या आजीले सोळाव्या वर्षी पोरगं झालं, काही झालं का बाप्पा?" आजी तगली म्हणून नातू हे बोलायला उरला. १९५१च्या सुमारास देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी जवळपास दीडशे वर्षाच्या आतच जात. त्यांचे नातू ओट्यावर येऊन बसत नाहीत.

हा जुना काळ झाला म्हणावं, तर २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या ७.६ टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. देशाचा आकडा ६.८ टक्के. अशा मुलींची बाळं ३७ आठवड्यांआधी जन्मण्याचा किंवा अडीच किलोपेक्षा कमी भरण्याचा धोका जास्त असतो. गरिबी, रक्तक्षय, दवाखान्यात उशिरा नाव घालणं ही कारणं खरीच. पण ती वजा केल्यावरही काही उरतं, आणि मला खरं कुतूहल आहे ते त्याचंच.

पाळी आली म्हणजे वाढ संपली, हा समज चुकीचा आहे. त्यानंतरही उंची काही सेंटिमीटर वाढते, आणि कटीची हाडं तर त्याहून उशिरापर्यंत रुंदावत राहतात. गरोदरपणात मात्र ही वाढ दिसत नाही, कारण कणा वाकतो, दबतो आणि उंची मोजताना फसगत होते. अमेरिकेत कॅम्डेन शहरात थेरेसा शॉल आणि सहकाऱ्यांनी म्हणून उंचीऐवजी तळपायापासून गुडघ्यापर्यंतची लांबी बारकाईने मोजली. बऱ्याच मुली पोटुशी असतानाही वाढत होत्या! त्यांचं स्वतःचं वजन इतरांपेक्षा जास्त वाढलं, पण बाळं सुमारे दीडशे ग्रॅमने हलकी निघाली. शेवटच्या तिमाहीत प्रौढ आईचं शरीर साठवलेली चरबी मोडून स्वतःचं भागवतं आणि ग्लुकोज बाळाकडे वळवतं. वाढत्या मुलीत लेप्टिन हे संप्रेरक चढतं, चरबी मोडण्याचा वेग मंदावतो आणि ग्लुकोजवर ती स्वतःच हात मारते.

स्कॉटलंडच्या रोवेट संस्थेत जॅकलिन वॉलेस यांनी मेंढ्यांवर याची कसोटी घेतली. प्रौढ मेंढ्यांचे भ्रूण कोवळ्या मेंढ्यांच्या गर्भाशयात ठेवले, म्हणजे दोष भ्रूणाच्या आईच्या वयावर ढकलता येऊ नये. मग त्यांना भरपूर चारलं. कोकरं गुटगुटीत व्हायला हवी होती. झालं उलटं: मेंढ्यांच्या अंगात इन्शुलिन आणि वाढीला चालना देणारी त्याच्या जातकुळीतली संप्रेरकं वाढली, अन्न त्यांच्याच अंगी लागलं, गर्भाशयाकडचा रक्तप्रवाह घटला, बाळाला पोसणारी वार (प्लासेंटा) खुरटली, आणि कोकरांचं वजन मापात खाणाऱ्या कोवळ्या मेंढ्यांच्या कोकरांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी भरलं. "दोन जिवांची आहे, तूप-लाडू चारा" हा आपला हुकमी उपाय इथे लंगडा पडतो.

म्हणून अशा मुलीला कमी खाऊ घाला असा अर्थ कुणी काढू नये. आपल्याकडच्या मुली त्या मेंढ्यांसारख्या तुडुंब खाणाऱ्या नाहीतच. देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी निम्म्याहून अधिक रक्तक्षयी आहेत. बांगलादेशच्या ग्रामीण भागात दिसलं ते असं, की गरोदरपण आणि अंगावर पाजणं यांत मुलींची स्वतःचीच वाढ खुंटते. लोहाचंही तेच. एका गरोदरपणाला सुमारे एक ग्रॅम लोह लागतं, त्यातलं ३०० मिलिग्रॅम बाळ आणि वारेला जातं, आणि वाढत्या मुलीला स्वतःच्या रक्तासाठीही हवं असतं ते वेगळंच. विदर्भात त्यावर सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची भर, तेव्हा त्याची तपासणी सुरुवातीलाच करून घेतलेली बरी.

यातलं काहीच ग्रहणात भाजी चिरल्याने होत नाही, आणि हजारो रुपयांच्या गर्भसंस्कार पॅकेजने टळतही नाही. पहिल्या दुधाचा चीक फेकून देणारी घरं अजून आहेत. अपुऱ्या वजनाच्या बाळाला तर तोच आधी मिळायला हवा.

नागपूरच्या सरकारी दवाखान्यांपैकी डागा असो, मेयो असो की मेडिकल, नाव घालताना वयासोबत पहिली पाळी कधी आली तेही सांगावं. दोघी सतरा वर्षांच्या असल्या तरी पाळी अकराव्या वर्षी आलेली मुलगी जवळपास वाढून झालेली असते, पंधराव्या वर्षी आलेली नसते. पाळी येऊन दोन वर्षांच्या आत दिवस गेले असतील, तर धोका सर्वात जास्त.