परवाना वेगळा, क्रेडिट वेगळं
‘बांधावर बांबू लावा, कार्बन क्रेडिट मिळवा,’ असं सांगत एजंट येतो आणि युरोपातला भाव ऐकवतो. भाव खोटा नसतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो टनाला १०० युरोच्याही वर जाऊन आला. फक्त तो दुसऱ्याच मालाचा असतो: उत्सर्जन परवान्याचा.

युरोपीय संघात २००५ पासून वीज, पोलाद, सिमेंटच्या कारखान्यांना मिळून एकूण किती कार्बन सोडता येईल याची मर्यादा ठरते आणि ती वर्षागणिक खाली येते. तेवढेच परवाने निघतात, एक परवाना म्हणजे एक टन. सोडलेल्या प्रत्येक टनाला परवाना जमा करायचा. कमी पडला तर दंड भरायचा, वर परवानाही द्यायचाच. सुरुवातीला परवाने सढळ हाताने वाटले, त्यात मंदी आली, आणि २०१३ मध्ये भाव पाच युरोच्या खाली घसरला. जादा परवाने बाजारातून काढून घेण्याची सोय २०१९ मध्ये सुरू झाली. म्हणजे इथे किंमत टंचाईतून येते.

क्रेडिटला अशी मर्यादा नसते. झाडं लावण्यासारखा एखादा प्रकल्प झालाच नसता तर किती कार्बन हवेत गेला असता, हा अंदाज; त्यातून प्रत्यक्ष उत्सर्जन वजा केलं की उरतं ते क्रेडिट. सगळी गोम त्या ‘नसता तर’मध्ये. उत्सर्जन घटवण्याच्या आंतरराष्ट्रीय क्योटो कराराच्या काळात चीन आणि भारतातल्या काही कारखान्यांना शीतक वायू बनवताना निघणारा एचएफसी-२३ हा हवा तापवणारा टाकाऊ वायू जाळल्याबद्दल क्रेडिट मिळे. त्याचा एक टन हिशेबात ११,७०० टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा, आणि जाळण्याचा खर्च किरकोळ. मग मूळ मालापेक्षा कचराच किफायतशीर! युरोपने २०१३ मध्ये ही क्रेडिट नाकारली. २०२१ पासून तर बाहेरचं कुठलंच क्रेडिट तिथल्या परवान्याऐवजी चालत नाही. बांबूचं क्रेडिट जातं ऐच्छिक बाजारात, म्हणजे जिथे कंपन्या सक्तीने नाही तर स्वखुशीने घेतात; तिथला भाव खरेदीदाराच्या विश्वासावर.

भारताने २०२३ मध्ये आणलेल्या योजनेने नावाचा घोळ आणखी वाढवला. कागदाचं नाव ‘कार्बन क्रेडिट सर्टिफिकेट’, पण मोठ्या कारखान्यांना ते मिळतं प्रतिटन उत्पादनामागच्या उत्सर्जनाचं लक्ष्य गाठून पुढे गेल्यावर. एकूण उत्सर्जनावर मर्यादा नाहीच. उत्पादन वाढलं तर धूरही वाढू शकतो.

जानेवारी २०२६ पासून युरोप आयात पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंटवर कार्बनचा आकार लावतो. मायदेशात कार्बनची किंमत खरोखर मोजली असेल, तर तेवढी वजावट मिळते. झाडांची क्रेडिट विकत घेतल्याची पावती तिथे चालत नाही.