कोकणातल्या आरोग्याचा ऑनलाइन नकाशा: त्याच्या थरांची पार्श्वभूमी

कोकणातल्या आरोग्य उपकेंद्रात गेलात तर भिंतीवर हाताने रंगवलेला एक नकाशा बहुतेक वेळा दिसतो. मापाच्या हिशेबाने तो धड नसतो. पण त्यात प्रत्येक वाडी वेगळी दाखवलेली असते, अंगणवाडी, शाळा, विहिरी असतात, पऱ्यावरचा साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूलही असतो. आशाताई त्यावर बोट ठेवून सांगतात, या वाडीत दोघी गरोदर आहेत, त्या वाडीला पावसाळ्यात मोठा वळसा पडतो.

आता आरोग्याचे आकडे बघायला आपण ब्राउझर उघडतो. जिल्हा निवडायचा, बाजूच्या यादीतले थर, म्हणजे नकाशावर एकावर एक ठेवलेली माहिती, चालू-बंद करायचे, दवाखान्याच्या ठिपक्यावर क्लिक करायचं. लसीकरण, बाळंतपणं, साथीचे रुग्ण, सगळं फिकट-गडद रंगांत समोर येतं. पूर्वी हे जिल्ह्याच्या कचेरीतल्या फायलींत असायचं. ग्रामसभेत प्रश्न विचारणाऱ्या माणसालाही आज ते घरबसल्या दिसतं, आणि ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. मात्र या नकाशातला प्रत्येक थर वेगळ्या काळात, वेगळ्या कामासाठी तयार झाला आहे. तो कसा तयार झाला हे ठाऊक नसेल, तर कोकणासारख्या मुलखात तो चुकीची वाट दाखवू शकतो.

आरोग्याच्या नकाशाची गोष्ट सांगताना लंडनच्या डॉ. जॉन स्नो यांचं नाव घ्यावंच लागतं. 1854च्या ऑगस्टअखेर सोहो भागात पटकीची साथ पसरली. स्नो यांनी ज्या-ज्या घरात मृत्यू झाला तिथे नकाशावर काळी रेघ मारली, आणि रेघांची गर्दी ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या पंपाभोवती दिसली. 8 सप्टेंबरला त्या पंपाचा दांडा काढला गेला. साथ तोवर ओसरू लागली होती. इथवरची गोष्ट शाळेच्या पुस्तकांतही सापडते. मला महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. 1855च्या चौकशी अहवालासाठी केलेल्या नकाशात स्नो यांनी एक तुटक रेघ जोडली. त्या रेघेच्या आतल्या घरांना ब्रॉड स्ट्रीटचा पंप इतर पंपांपेक्षा जवळचा होता, आणि हे ‘जवळ’ त्यांनी रस्त्याने चालत जाण्याच्या अंतरावर मोजलं होतं. पट्टी ठेवून सरळ अंतर त्यांनी घेतलं नव्हतं. हातात शाई-कागद असलेल्या माणसाने घेतलेली ही काळजी आजच्या कितीतरी नकाशांत घेतलेली नसते.

दुसरा टप्पा अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातला. जॉन वेनबर्ग आणि अ‍ॅलन गिटलसन यांनी 1973 साली ‘सायन्स’ नियतकालिकात एक अभ्यास मांडला. राज्यातली 251 गावं-शहरं कुठल्या रुग्णालयाकडे जातात ते पाहून त्यांनी 13 सेवाक्षेत्रं आखली. टॉन्सिल काढण्याच्या शस्त्रक्रियांचं प्रमाण या क्षेत्रांमध्ये दर 10,000 माणसांमागे 13पासून 151पर्यंत बदलत होतं. शेजारशेजारच्या गावांतल्या मुलांच्या घशात एवढा फरक असणं शक्य नाही. फरक डॉक्टरांच्या सवयीत होता. हे उमगलं ते एका साध्या नियमामुळे. शस्त्रक्रिया कुठेही झालेली असो, ती रुग्णाच्या राहत्या गावाच्या नावावर धरायची. यातूनच पुढे 1996 साली डार्टमथचा आरोग्यसेवेचा अ‍ॅटलास निघाला. राहतं गाव की दवाखान्याचं गाव, हा प्रश्न कोकणात कळीचा आहे, म्हणून तो लक्षात ठेवावा.

तंत्राचा इतिहास त्यामानाने थोडक्यात आटोपतो. 1993 साली झेरॉक्सच्या पार्क संशोधन केंद्राने वेबवर पहिला नकाशा-दर्शक ठेवला. प्रत्येक क्लिकला सर्व्हरकडून नवं चित्र यायचं. 2004 साली ओपनस्ट्रीटमॅप सुरू झाला, त्यात कुणीही भर घालू शकतं. 2005च्या फेब्रुवारीत गूगल मॅप्स आला आणि चौकोनी तुकडे जोडून सरकवता येणारा नकाशा सगळ्यांच्या सवयीचा झाला. इस्रोचं ‘भुवन’ हे नकाशांचं संकेतस्थळ 2009चं.

आपल्याकडे मात्र अडचण तंत्राची कमी आणि परवानगीची जास्त होती. संरक्षणाच्या कारणाने सीमेलगतचे आणि किनाऱ्यापासून सुमारे 80 किलोमीटरच्या पट्ट्यातले सविस्तर नकाशे कित्येक दशकं निर्बंधित होते. समुद्र ते सह्याद्री हे अंतर लक्षात घ्या. जवळजवळ अख्खं कोकण त्यात आलं. देशावरच्या तालुक्याचा सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा अभ्यासकाला सहज मिळे, दापोलीचा किंवा मालवणचा मिळायला खेपा पडत. 2005च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने सर्वांसाठी खुल्या नकाशांची वेगळी मालिका आणली आणि 15 फेब्रुवारी 2021च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीयांसाठी बरेचसे दरवाजे उघडले. कोकणच्या पायवाटा आणि वाड्या ऑनलाइन नकाशात इतक्या विरळ का, याचं एक कारण या इतिहासात आहे.

नकाशाखालच्या आकड्यांचं मूळ आणखी जुनं आहे. 1880 साली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या रत्नागिरी-सावंतवाडी खंडातही आरोग्यावर स्वतंत्र मजकूर आहे. आजची दवाखान्यांची उतरंड आरोग्यसेवेची आखणी करणाऱ्या भोर समितीच्या 1946च्या अहवालावर उभी आहे. सपाट भागात 30,000 आणि डोंगरी किंवा आदिवासी भागात 20,000 लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तर अनुक्रमे 5,000 आणि 3,000 लोकांमागे एक उपकेंद्र, असं प्रमाण पुढे ठरलं. डोंगराला सवलत मिळाली, खाडीला मिळाली नाही. हा निकष डोकी मोजतो, वाट मोजत नाही.

वाट मोजायचा प्रयत्न जनगणनेच्या ग्रामनिर्देशिकेत आहे. गावात दवाखाना नसेल तर जवळचा किती लांब, याचं उत्तर तिथे तीन गटांत दिलेलं असतं: 5 किलोमीटरच्या आत, 5 ते 10, आणि 10च्या पुढे. पण हे उत्तर गावाचं आहे. देशावर गावठाण एका जागी असतं. कोकणात गाव म्हणजे वाड्यांचा पसारा, एक वाडी सड्यावर, एक खाडीकाठी, एक पार डोंगराच्या कुशीत. नकाशा सगळ्यांना मिळून एकच ठिपका देतो. मी अशा ठिपक्यांवर झूम करून पाहिलं आहे. तिथे कधी काजूची बाग निघते, कधी नुसता कातळ.

पिनकोडची गोष्टही समजून घेण्यासारखी आहे. अमेरिकेत 2010 साली सुरू झालेल्या यूडीएस मॅपर या ऑनलाइन नकाशाने अनुदानित आरोग्य केंद्रांचे रुग्ण झिप कोडनुसार, म्हणजे तिथल्या पिनकोडनुसार, दाखवले, आणि कोणत्या वस्तीतून कुणीच येत नाही ते उघड केलं. आपल्याकडेही केसपेपरवर पत्ता आणि पिनकोड लिहितात, तेव्हा तसंच करू, असं कुणालाही वाटेल. भारतातला पिनकोड संस्कृतचे जाणकार असलेले मराठी अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखला. तो 15 ऑगस्ट 1972 रोजी लागू झाला. तो टपालाच्या वाटेसाठी होता आणि ते काम चोख करतो. पण चिपळूण 415605 आणि कराड 415110. सावंतवाडी 416510 आणि कोल्हापूर 416001. पहिल्या तीन आकड्यांवर गाळणी लावली तर कुंभार्ली आणि आंबोली घाटांच्या वरचा-खालचा मुलूख एकाच रंगात मिसळतो.

सरकारी आरोग्य आकड्यांचे दोन मोठे झरे आहेत. पहिला एचएमआयएस, म्हणजे आरोग्य व्यवस्थापन माहिती प्रणाली. 2005च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानानंतर 2008च्या ऑक्टोबरात हे पोर्टल सुरू झालं; सुरुवातीला जिल्ह्याचे, आणि 2011पासून एकेका दवाखान्याचे मासिक आकडे त्यात जाऊ लागले. इथे सेवा जिथे दिली तिथे मोजली जाते, म्हणजे वेनबर्ग यांच्या नेमकी उलट पद्धत. आता पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत घ्या. गुहागरची सून लांज्याला माहेरी बाळंत झाली की आकडा लांज्याचा. सिंधुदुर्गातला अवघड रुग्ण बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात जातो, राजापूरचा कोल्हापूरला, मंडणगडचा मुंबईला. म्हणून एखादा तालुका दवाखान्यातल्या बाळंतपणांत फिकट दिसला, तर तिथल्या बायका घरीच बाळंत होतात असा निष्कर्ष काढू नये. तो काढून तिथल्या ताईंना बोल लावलेला मी ऐकला आहे, आणि ते अन्यायाचं होतं.

दुसरा झरा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा. 1992-93पासून तो वाहतो आहे, पण त्याने देशातल्या सगळ्या जिल्ह्यांचे आकडे पहिल्यांदा दिले ते 2015-16च्या चौथ्या फेरीत. इथे माणूस राहतो तिथे मोजला जातो, हे उत्तम. मात्र नमुना जिल्ह्याला पुरेल एवढाच, तालुक्याला नाही. आणि जिल्हे बदलतात. चौथ्या फेरीत 2011च्या जनगणनेचे जिल्हे धरले होते. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून निघालेला पालघर 2019-21च्या पाचव्या फेरीत वेगळा आला. नकाशातला काळाचा सरकता दांडा पुढे-मागे केला की ठाण्याचा रंग बदलतो. त्यातला काही बदल आरोग्याचा असेल, पण जव्हार-मोखाड्याचे पाडे हिशेबातून वेगळे झाले, हेही त्यात आहेच.

कुठलाही दर काढायला खाली लोकसंख्या लागते, आणि ती अजून बहुतेक ठिकाणी 2011चीच आहे, कारण 2021ची जनगणना लांबली. 2011च्या जनगणनेत रत्नागिरीची लोकसंख्या 2001च्या 16,96,777वरून 16,15,069वर आणि सिंधुदुर्गची 8,68,825वरून 8,49,651वर उतरलेली होती. रत्नागिरीत दर 1,000 पुरुषांमागे 1,122 स्त्रिया होत्या. कर्ती माणसं मुंबईला, घरी म्हातारी माणसं, बायका आणि मुलं. अशा जिल्ह्याचा मृत्यूदर वयाचा हिशेब न करता रंगवला, तर तो गडदच दिसणार. गणपतीत आणि शिमग्याला गाव दुप्पट होतं, तेव्हाचे ताप-जुलाबाचे रुग्ण मात्र त्याच जुन्या लोकसंख्येने भागले जातात. 2020च्या मे महिन्यात चाकरमानी घरी परतले आणि करोनाच्या नकाशांवर कोकणातली वर्तुळं फुगली, तेव्हा हीच गफलत मोठ्या प्रमाणात झाली. लहान तालुक्यांची आणखी एक अडचण आहे. वैभववाडी किंवा दोडामार्गची वस्ती 50,000च्याही आत. तिथे वर्षात एक-दोन मातामृत्यू कमी-जास्त झाले की अख्ख्या तालुक्याचा रंग पालटतो. अशा ठिकाणी तीन-चार वर्षं एकत्र करून बघावं.

आता खाडीकडे येतो. बहुतेक नकाशा-दर्शकांत एक सोय असते: दवाखान्यावर क्लिक करा, त्रिज्या द्या, वर्तुळ येतं, आतली गावं ‘सेवेच्या टप्प्यात’. गुहागरभोवती 15 किलोमीटरचं वर्तुळ काढा, त्यात वाशिष्ठीच्या खाडीपलीकडचं दाभोळ येतं. दाभोळ-धोपावे फेरीबोट आहे, ती गाड्याही नेते, लोकांना तिचा मोठा आधार आहे. पण रात्री उशिरा ती नसते, आणि मग चिपळूणकडून वळसा घालावा लागतो. विंचूदंशाच्या किंवा सर्पदंशाच्या रुग्णाला त्या वळशाचा वेळ परवडत नाही. लाल विंचवाच्या विषावर प्राझोसिन हे औषध वापरून डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी महाड परिसरात जे काम केलं, ते 1986 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलं, त्यातही रुग्ण किती लवकर पोचतो याला फार महत्त्व होतं. जागतिक आरोग्य संघटनेचं अ‍ॅक्सेसमॉड हे मोफत साधन उतार, रस्ते आणि वाहनाचा वेग धरून प्रवासाचा वेळ काढतं. स्नो यांच्या तुटक रेघेचाच हा पुढचा अवतार म्हणता येईल. पण खाडी कुठे ओलांडता येते आणि किती वाजेपर्यंत, ते त्याला आपणच सांगावं लागतं.

सीमेचं दुखणं दोडामार्गात दिसलं. माकडताप, म्हणजे 1957 साली कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात ओळखला गेलेला गोचिडींतून येणारा आजार, 2015 साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात होता. 2016 साली दोडामार्गात, मग बांदा परिसरात आला. काजूचा हंगाम आणि या तापाचा हंगाम एकच, जानेवारी ते मे. जंगल एकच, डोंगररांग एकच, पण राज्याचा नकाशा सीमेवर संपतो आणि पलीकडे पांढरी जागा उरते. मेलेली माकडं कुठे सापडली, हा थर तिन्ही राज्यांचा मिळून एकत्र दिसला असता, तर बागेत जाणाऱ्या माणसाला त्याचा थेट उपयोग होता.

भिंतीवरचे ते रंगवलेले नकाशे मात्र अजून कुठल्याच थरात नाहीत. फोटो काढून क्यूजीआयएससारख्या नकाशांच्या मोफत प्रणालीत घ्यायचा आणि शाळा, देऊळ, पूल अशा चार-पाच खुणा उपग्रहचित्राशी जुळवायच्या. हातचा नकाशा असल्याने तो इकडे ताणला जातो, तिकडे आखडतो, पण वाड्यांचे ठिपके जागेवर येतात. एका उपकेंद्राचं हे काम एका दुपारचं आहे. साकवाच्या ठिपक्यापुढे एक रकाना ठेवावा, जून ते सप्टेंबर त्यावरून माणूस जातो का, आणि तो आशाताईंना विचारूनच भरावा.