मूकपटातल्या नायिका (भारत, १९१३ ते १९३४)

भारतात मूकपटांचा काळ साधारण १९१३ ते १९३४ असा धरतात, आणि त्यातल्या पहिल्या नायिकेचं नाव अण्णा साळुंके, म्हणजे चक्क पुरुष. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मधली (१९१३) तारामती त्यांनीच केली. फाळक्यांनी पेपरात जाहिराती दिल्या, वेश्यावस्तीत जाऊन विचारून पाहिलं, पण कॅमेऱ्यासमोर यायला कुणी बाई तयार होईना, शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणारा हा नाजूक चणीचा पोरगा त्यांना सापडला, दहाच्या जागी पंधरा रुपये पगार देऊन आणला असं सांगतात. 'लंकादहन'मध्ये (१९१७) तर राम पण साळुंकेच आणि सीता पण साळुंकेच.

खरी बाई मात्र फाळक्यांच्याच दुसऱ्या चित्रपटात आली. 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची तेरा वर्षांची लेक कमला झाली मोहिनी. दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या होऊन मुलीला घेऊन फिरत्या नाटक कंपनीत आल्या होत्या, त्यामुळे 'लोक काय म्हणतील' हा प्रश्न त्यांच्यापुरता आधीच निकालात निघालेला. हीच कमला पुढे कमलाबाई गोखले, चंद्रकांत गोखल्यांची आई आणि विक्रम गोखल्यांची आजी. बाकीच्यांना एवढं सोपं गेलं नाही. कोल्हापूरला बाबूराव पेंटरांनी 'सैरंध्री'त गुलाबबाई आणि अनसूयाबाई यांना घेतलं (पडद्यावर नावं कमलादेवी आणि सुशीलादेवी), तर त्यांच्या समाजाने त्यांना वाळीत टाकलं आणि दोघींना स्टुडिओच्या आवारातच आसरा घ्यावा लागला.

मग १९२० नंतर चित्र पालटलं ते मुख्यतः अँग्लो-इंडियन आणि ज्यू मुलींमुळे. या मुली नोकऱ्या करायच्या, एकट्या हिंडायच्या, नाच-गाण्याचं त्यांच्या घरी वावडं नव्हतं, आणि मूकपटात हिंदी-मराठी नीट येत नसलं तरी काय बिघडत होतं, संवाद पाट्यांवरच लिहिलेले असायचे, त्यासुद्धा एकाच वेळी दोन-तीन भाषांत, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी थिएटरात कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवायचं. नावं तेवढी बदलली जायची. रेनी स्मिथ झाली सीतादेवी, एफी हिप्पोलेट झाली इंदिरादेवी, आयरिस गॅस्पर झाली सबितादेवी. कलकत्त्याच्या पेशन्स कूपरने मात्र स्वतःचंच नाव ठेवलं, ती मादन कंपनीची मोठी स्टार होती आणि 'पत्नी प्रताप'मध्ये (१९२३) तिने दोन बहिणींचा डबल रोल केला, आपल्याकडच्या अगदी सुरुवातीच्या डबल रोलपैकी तो एक.

या सगळ्यांत सगळ्यात मोठं नाव सुलोचनाचं. (नंतरच्या मराठीतल्या सुलोचनादीदी वेगळ्या, गल्लत करू नये.) मूळ नाव रूबी मायर्स, जन्म १९०७ चा पुण्यातला, बगदादी ज्यू घराण्यातली, काम टेलिफोन ऑपरेटरचं. कोहिनूर कंपनीच्या मोहन भवनानींनी विचारलं तेव्हा पहिल्यांदा तिने सरळ नाही म्हणून सांगितलं, त्यांनी पिच्छा सोडला नाही आणि १९२५ ला 'वीर बाला'तून ती पडद्यावर आली. 'सिनेमा क्वीन', 'टाइपिस्ट गर्ल' वगैरे चित्रपटांत ती शहरातली कमावती मुलगी असायची आणि पब्लिकला नेमकं तेच नवीन होतं. 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे'मध्ये (१९२७) तर तिने आठ सोंगं केली, त्यात माळी, पोलीस, हैदराबादी गृहस्थ, रस्त्यावरचा पोरगा आणि सोनेरी केसांची युरोपियन बाई पण. नंतर ती अर्देशिर इराणींच्या इंपीरियल कंपनीत गेली. तेव्हा लाहोरची एक कंपनी सीतादेवीला घेऊन अनारकलीवर खर्चिक चित्रपट काढत होती, तर इराणींनी सुलोचनाला घेऊन घाईघाईत स्वतःची 'अनारकली' (१९२८) उरकली आणि त्यांच्या आधी थिएटरला लावली पण, धंद्याची ही रीत तेव्हापासूनची आहे.

तिचा पगार महिना पाच हजार होता म्हणतात आणि तो मुंबईच्या गव्हर्नरपेक्षा जास्त होता हे वाक्य प्रत्येक लेखात सापडतं. पण गव्हर्नरला वर्षाला लाखाच्या वर मिळायचे, त्यामुळे हा हिशोब काही जुळत नाही. पाच हजार हा आकडाच त्या काळी डोळे फिरवणारा होता, त्याला गव्हर्नरची जोड कशाला हवी.

काही जणींनी धंदाही हातात घेतला, आणि हा भाग सहसा दोन ओळींत उरकला जातो. फातमा बेगम 'वीर अभिमन्यू'तून (१९२२) आल्या, मग स्वतःची कंपनी काढली आणि 'बुलबुल-ए-परिस्तान' (१९२६) स्वतः दिग्दर्शित केला, भारतातल्या पहिल्या महिला दिग्दर्शक त्याच. सुलताना, झुबेदा आणि शहजादी या त्यांच्या तिन्ही मुली नट्याच. गोहरची गोष्ट वेगळी, दिग्दर्शक चंदुलाल शहांच्या 'गुणसुंदरी'तल्या (१९२७) बायकोच्या भूमिकेने ती घराघरात पोचली आणि १९२९ ला दोघांनी मिळून दादरला रणजित ही फिल्म कंपनी उभी केली, जी पुढे मुंबईतल्या बड्या स्टुडिओंपैकी एक झाली. येवल्याच्या अंबूने, म्हणजे ललिता पवारांनी, 'कैलास' (१९३२) या मूकपटात काम केलं आणि निर्मितीही केली. दुर्गा खोटेंची सुरुवातसुद्धा १९३१ च्या एका मूकपटातल्या छोट्या कामाने झाली.

१४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला आणि बोलपट आले. त्यानंतर या सगळ्या नट्या भाषेपायी संपल्या असं सरसकट लिहिलं जातं, ते अर्धवटच खरं आहे. 'आलम आरा'ची नायिका झुबेदा मूकपटातूनच आलेली होती, गोहर पुढेही नायिका राहिली, सबितादेवीने तर खरं नाव बोलपटातच कमावलं. सुलोचनाने वर्षभर थांबून हिंदुस्तानी शिकून घेतली आणि आपल्याच मूकपटांचे बोलपट केले, 'माधुरी' १९३२ ला, 'अनारकली' १९३५ ला, आणि ते चालले. तिला मागे टाकलं ते उच्चारांनी कमी आणि नव्या, वयाने लहान, गाणाऱ्या मुलींनी जास्त. नंतर ती छोटी कामं करत राहिली, १९५३ च्या 'अनारकली'त ती सलीमच्या आईच्या भूमिकेत होती. १९७३ चा फाळके पुरस्कार तिला मिळाला, १९८३ ला ती मुंबईत वारली.

आज यांचं काम बघायचं म्हटलं तर अडचण आहे, कारण तेराशेच्या आसपास मूकपट निघाले आणि त्यातले थोडेच उरले, तेही बरेचसे तुकड्यांत. नायट्रेटची फिल्म पेट घ्यायची, सडायची, आणि फिल्ममधल्या चांदीसाठी जुन्या रिळा वितळवल्याही जायच्या. सुलोचनाचे गाजलेले मूकपट जवळजवळ सगळे गेले. फाळक्यांची मुलगी मंदाकिनी जिच्यात बाळकृष्ण झाली ती 'कालिया मर्दन' (१९१९) पुण्याच्या फिल्म अर्काइव्हमध्ये आहे. सीतादेवीचे 'लाइट ऑफ एशिया' (१९२५), 'शिराझ' (१९२८) आणि 'अ थ्रो ऑफ डाइस' (१९२९) टिकले, कारण ते हिमांशु रायने जर्मनांसोबत काढले होते आणि त्यांच्या प्रिंट युरोपात राहिल्या. शेवटच्या दोघांचं रिस्टोरेशन झालेलं आहे, सुरुवात करायची तर 'शिराझ'पासून करावी.